जुन्या डबीतल्या नव्या गोळ्या

प्रिय मन्मथदादा,

फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. आधी हसशील, मग ओरडशील. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात गुरुवारी लिंबागणेशला काकांच्या घरभरणीत, पंगत उठल्यावर, वहिनी मला कौतुकानं म्हणाली, "अगं, चार महिने झाले तुझी गोळी बदलून! ह्यांनी जुन्या डबीतच जेनेरिक भरून दिली. तुला कळलं तरी का?" तू शेजारीच हात पुसत होतास. म्हणालास, "मी म्हणत नव्हतो? हिला भारी कंपनीच्या नावाचं येड हाय. सगळं मनाचं हाय." सगळे हसले. मीही हसले दादा, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

लहानपणी मी वह्या हरवायची, दूध गॅसवर ठेवून विसरायची, आणि अण्णा धांदरट म्हणून मारायचे, तेव्हा मध्ये पडणारा तूच होतास. सत्ताविसाव्या वर्षी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्या धांदरटपणाला एडीएचडी हे नाव दिलं, गोळी सुरू केली. बीडमध्ये आपलंच मेडिकल, म्हणून चिठ्ठी निर्धास्तपणे तुझ्याकडे ठेवली. त्या गोळीवर मी वडवणीच्या लॅबमध्ये दोन वर्षं एकही चूक न करता काम केलं.

मग श्रावणापासून दुपारी बाराच्या पुढं डोकं सुटायला लागलं. नळीवर नाव लिहितालिहिता मी मध्येच थांबायची, कुणाचं रक्त ते आठवेना. तुला दोनदा फोन केला. तू म्हणालास, "जागरण कमी कर." मी चहा सोडला, मोबाईल घरी ठेवून जायला लागले, सगळा दोष माझ्याच अंगाला लावून घेतला. आणि एका बाजाराच्या दिवशी, गर्दीत, माझ्या हातून दोन नळ्यांची नावं बदलली. भिवराबाईंची साडेतीनशेच्या वरची साखर आप्पाराव नावाच्या माणसाच्या कागदावर गेली, आणि त्याचा चांगला रिपोर्ट घेऊन ती बाई निश्चिंत घरी गेली. तिसऱ्या दिवशी कापूस वेचताना शेतात कोसळली. बीडला नेलं म्हणून वाचली. तिची मुलगी लॅबच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "ताई, आमी तुमच्या कागदावर इस्वास ठिवलता."

त्या संध्याकाळी मी तुला रडत फोन केला. डबीत काय भरलंय ते तुला माहीत होतं. तरी तू म्हणालास, "तुला न्हाई झेपत ते. राजीनामा दे, दुकानात येऊन बस." मी दिला.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, जेनेरिक चांगलीच असते, पुष्कळांना चालते. हिचा असर तुमच्या अंगात दुपारीच उतरतोय, वेळेत कळलं असतं तर पहिल्याच महिन्यात डोस जुळवून दिला असता. आता त्यांनी बदलून दिलेल्या डोसनं तीच स्वस्तातली गोळी घेतेय, आणि संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आहे. तेव्हा मला नावाचं वेड आहे असं परत म्हणू नकोस. गोळी बदलायची होती तर सांगून बदलायचीस. तू मला खोटं पाडायला माझ्यावर प्रयोग केलास, आणि मी बुडत होते तेव्हा काठावर उभा राहून बघत राहिलास.

काल लॅबच्या योगिता मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना ती पळवाट वाटली. "चूक गोळीवर ढकलू नकोस," म्हणाल्या. माझा राजीनामा येत्या सोमवारी मंजूर होणार आहे. म्हणून हे पत्र. सोमवारी दुकान बंद ठेव आणि दहाच्या आत वडवणीला ये. कधी, काय आणि कशासाठी बदललंस, ते मॅडमसमोर तुझ्या तोंडानं सांग. तिथून आपण दोघं भिवराबाईंच्या घरी जाऊ. नळ्यांकडे माझं लक्ष नव्हतं, ते मी कबूल करीन. बाकीचं तू करायचंस. अण्णांना मी अजून काही बोललेले नाही; सोमवारनंतर बोलायचं की नाही, ते तुझ्यावर आहे. साडेआठची एसटी धर.

तू काहीही केलंस तरी तुझीच,
ईश्वरी