पाच घरचं अंगडं

नवागाम, सुरत
९ जून २०२४

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

ती. सरला आत्यास,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तू आधी दचकशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, इथे सगळं बरं आहे. परवा फोनवर मी तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगत होते आणि तू मला आंब्याच्या लोणच्याचं प्रमाण सांगत होतीस. शेवटी भिकनदादानं फोन घेतला. म्हणाला, आईचा कान आता फक्त बाळी घालायला उरलाय, तू आपली पत्र लिही.

तर गोष्ट अशी, की मला दिवस गेलेत. सहावा लागला. शेजारीपाजारी अजून कोणाला सांगितलं नाही. तुला कळवू का म्हणून सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, कळव, पण फार मोठ्या अक्षरात लिहू नको. इतक्या धास्तावल्या आहेत.

आत्या, तुला सगळं माहीत आहे. पहिल्या वेळी मी किती हौसेनं शिवलं होतं! दुपटी, टोपडी, लोकरीचे मोजे. दिवसभर व्यापाऱ्याच्या साड्यांना खडे चिकटवायचे आणि दुपारी घटकाभर आपला डबा उघडून बसायचं. त्या घटकेसाठी मी अख्खा दिवस काढायची. ते बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. बायका म्हणाल्या, जन्माआधी शिवायचं नसतं, हिनं तर पेटी भरून ठेवली होती. दुसऱ्या वेळीही पाचव्यातच सगळं संपलं. तेव्हापासून सासूबाईंनी माझा सुईदोऱ्याचा डबा माळ्यावर टाकलाय, आणि खरं सांगू, मीही तो मागितला नाही.

खड्यांचं कामही बंद आहे. गोंदाचा वास सोसत नाही. रिकामे हात मांडीवर ठेवून बसते आणि नको ते मनात येतं. परवा भाजीच्या पिशवीचा उसवलेला बंद दिसला, तर हात सुई शोधायला लागले. मग मीच हात मागे घेतला. टाका घालायला मला तूच शिकवलंस. आता तूच सांग, तो कायमचा सोडू का?

दादा-वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, पण उत्तर लवकर येऊ दे.

तुझी,
रूपाली

❖

अमळनेर
१७ जून २०२४

चि. सौ. रूपालीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. भिकन म्हणतो, आई, लोणच्याचं प्रमाण मात्र तू बरोबर सांगितलं होतंस.

पोरी, एक विचारते. पहिल्या वेळी तू शिवलंस म्हणून झालं, असं बायका म्हणाल्या. दुसऱ्या वेळी तू एक टाका तरी घातला होतास का? मग तेव्हा कशानं झालं? हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि तू स्वतःलाही विचारलं नाहीस. दोष सुईच्या माथी मारू नकोस. डॉक्टरीणबाई सांगतील त्या तपासण्या कर, रक्ताच्या गोळ्या चुकवू नकोस. हे पहिलं.

आता दुसरं. तुझ्या सासूची, मालतीबाईंची, भीती मला कळते. माझेही आधीचे तीन गेले होते. मग माझ्या सासूनं पदर पसरून पाच घरून फडकी मागून आणली आणि मी त्यांचं अंगडं शिवलं. मागून आणलेल्या चिंध्या घातलेलं लेकरू कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणतात. नावही तसंच ठेवलं. आता तो भिकन ढेरी सांभाळत ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि नावावरून माझ्याशी रोज भांडतो.

यानं पोर जगतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण घाबरलेल्या घरात सुईला परत यायला ही एक वाट आहे. मागायला आईनं जायचं नसतं, आजीनं जायचं. मालतीबाईंना सांग, विहीणबाईंचा निरोप आहे, पाच घरं हिंडून या. तुला शिवावंच लागेल.

प्रकृतीला जप. माझी माया तुझ्याभोवती आहे.

तुझी,
आत्या

❖

नवागाम, सुरत
३० जून २०२४

ती. आत्यास,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठून डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडल्या. प्रदीपनं गमतीनं विचारलं, आई, सुरतेत कोणी चिंधीची भीक मागतं का, इथे तर ती रस्त्यावर उडत असते. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण आत्या, तो म्हणाला तसंच झालं! आमच्या गल्लीत घरोघर साड्यांचं काम. शेजारची जसुबेन म्हणाली, माजी, गरोदर सुनेसाठी मागताय आणि मी जुनं देऊ? तिनं जरीच्या किनारीचा कोरा तुकडा दिला. ओडिया वहिनींनी गुलाबी सॅटिन दिलं. एकीनं तर खडे लावलेला पदरच कापून दिला. जुनं कोणाकडेच नाही, जुन्या साड्या भांडीवालीकडे गेलेल्या. सासूबाई चिंध्या मागायला गेल्या आणि लग्नाचा बस्ता बांधून आल्या.

माळ्यावरचा डबा त्यांनी स्वतः काढून पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. मी झाकण उघडलं. खोबरेल लावून ठेवलेल्या सुया तशाच होत्या, गं.

आता अडचण ऐक. ते अंगडं फार सुंदर होऊ लागलंय. गुलाबीशेजारी हिरवं ठेवलं, मध्ये जरी घेतली, आणि मी अर्धा दिवस भान विसरून बसले. सासूबाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, हे तर राजाचं झालं, जरा वाईट शिव. मी शिवण मुद्दाम वाकडी घातली. मग ती बघवेना, उसवली. पुन्हा वाकडी घातली, पुन्हा उसवली. त्या म्हणाल्या, चांगलं शिवता येणाऱ्या सुना बघितल्या, वाईट शिवता न येणारी पहिलीच.

आम्ही दोघी हसलो. पण झोपताना मी घाबरले. मला आनंद झाला होता, आत्या. पहिल्या वेळीही असाच झाला होता. आता पुढे शिवायला हात उचलत नाही. काय करू?

प्रदीपचा नमस्कार. आशीर्वाद असू दे.

तुझी,
रूपाली

❖

अमळनेर
६ जुलै २०२४

चि. रूपालीस अनेक आशीर्वाद.

शेजारचा लोटू सुरतेला लेकीकडे निघालाय, त्याच्या हातीच पाठवते, म्हणून घाईत लिहिते.

ती सॅटिनं आणि खडे ज्याचे त्याला परत करा. सुरतेला राहून तुम्हा सासू-सुनांना एवढंही कळलं नाही? जरी लेकराला टोचते आणि सॅटिननं घामोळं येतं. मागायचं ते अंगावर वापरून मऊ झालेलं सुती. भांडीवालीला न दिलेलं एक तरी फडकं प्रत्येक बाईकडे असतं. तेच मागायचं. ते देताना बाईचा जीव जरा तुटतो, म्हणून त्याला किंमत.

सोबत भिकनचं अंगडं पाठवते आहे. त्याला कळलं तर लाजेल, म्हणून त्याला सांगितलेलं नाही. बाहेरून बघून हसू नकोस. नीट हाताळून बघ आणि मग काय ते ठरव.

पुडीत यंदाचं काजळ आहे, घरच्या तुपाच्या दिव्यावर तांब्याच्या ताटलीत धरलेलं. आजकालच्या डॉक्टरिणी डोळ्यांत घालू देत नाहीत, तर घालू नका. तिटेला चालेल.

माया आहेच, ती काय लिहायची!

आत्या

❖

नवागाम, सुरत
२१ जुलै २०२४

ती. आत्यास,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

लोटूकाका सुखरूप पोचले. चहा न घेता निघाले, पण तुझ्या कानाची तक्रार उभ्या उभ्या सांगून गेले.

तुझ्या पत्रातलं भांडीवालीचं वाक्य सासूबाईंनी गल्लीत जसंच्या तसं सांगितलं. जसुबेन आत गेली आणि बऱ्याच वेळानं तिच्या आईच्या पातळाचा तुकडा घेऊन आली. ओडिया वहिनींनी गावाहून आणलेल्या गमछ्याचं टोक दिलं. बाकीच्या घरूनही तसंच मिळालं. सगळं फिकं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ.

मग भिकनदादाचं अंगडं हातात घेतलं. खरं सांगते, आधी हसूच आलं. पाच रंगांच्या चिंध्या, वाकडेतिकडे टाके, कडा सुटलेल्या. माझी आत्या असं शिवेल यावर विश्वास बसेना. नीट हाताळ म्हणाली होतीस, म्हणून उलटं केलं.

आत मानेखाली ज्वारीचं कणीस भरलेलं होतं. हिरव्या दोऱ्यानं, दाणा न् दाणा वेगळा. आणि त्याला चोच लावून एक एवढीशी चिमणी. बाहेरून त्याचा मागमूस नाही. लेकराच्या पाठीला लागेल, आणि दुसऱ्या कोणाला दिसणार नाही, असं.

मी ते सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चिमणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, तुझ्या आत्याचे तीन गेले होते ना गं? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, आणि तरी तिचा हात थांबला नाही. मग चष्मा पुसत मला म्हणाल्या, तूही आतून काढ. बाहेर मात्र मी सांगेन तसं.

बाहेरचे टाके आता त्या स्वतः घालतात. मनासारखे वाकडे पडतात. आतून मी तापी काढते आहे. निळा दोरा एका खांद्यापासून पाठीवरून दुसऱ्या खांद्यापर्यंत. वरच्या अंगाला तुमच्याकडचं कणीस, खालच्या अंगाला प्रदीप चालवतो त्या मागाचा धोटा. रोज दुपारी घटकाभर. भीती जात नाही, आत्या, पण ती शेजारी बसते आणि मी काम करते.

तपासणी झाली, डॉक्टरीणबाई सगळं ठीक आहे म्हणाल्या. प्रेम राहू दे.

तुझी,
रूपाली

❖

नवागाम, सुरत
८ ऑक्टोबर २०२४

श्रीमती सरलाबाई विहीणबाईंस,
मालतीबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलंमाकलं समजून घ्यावं. रूपाली बाळंत झाली. मुलगी आहे. आठवडाभर आधीच आली, पण वजन चांगलं आहे आणि आवाज तर असा, की तुम्हालाही ऐकू जाईल. दोघी घरी आहेत. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

काल पाचवी पूजली. त्या दिवशी अंगडं घालायचं ठरलं होतं. रूपाली न्हायला गेली, मी पूजेच्या गडबडीत. प्रदीप पाळीवरून येऊन बसला होता, त्याच्याकडे बाळ दिलं आणि अंगडं घाल म्हटलं. तुमच्या जावयानं ते उलटं घातलं. चिंध्यांची बाजू आत आणि तापी वर! मी ओरडले, तर म्हणतो, आई, चांगली बाजू वर नको का?

तेवढ्यात ज्यांनी फडकी दिली त्या पाचही जणी दारात. सगळ्या वाकून बघायला लागल्या. आपापला तुकडा शोधायला आलेल्या, आणि बघतात तर पाठीवरून नदी वाहतेय. जसुबेननं कड उचलून आईचं पातळ शोधलं, मग पुन्हा नदीकडे बघत राहिली. इतके डोळे, आणि लेकरू एवढंसं.

मी बाळाला उचलून घेतलं. सुलटं करायला कडेत बोटंसुद्धा घातली. तेवढ्यात रूपाली केस पुसत दारात आली. तिनं बाळाकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे. विहीणबाई, दोन वेळा त्या पोरीच्या तोंडावर मी जे बघितलं होतं, ते मला आठवलं, आणि काल काय बघत होते तेही दिसलं. मी बोटं काढून घेतली. राहू दिलं तसंच.

तुमच्या काजळाची तीट लावली. तीही, सांगायला हरकत नाही, जरा लहानच.

प्रदीपला बहीण नाही, म्हणून नाव तुम्हीच ठेवायचं असं दोघांचं म्हणणं आहे. फाटकं नाव सुचवू नका. बारशाला या, भिकनला घेऊन या. त्याचं अंगडं धुऊन घडी करून ठेवलं आहे, ते न्यायला तरी यावंच लागेल.

लोभ आहे तो वाढावा.

आपली,
मालतीबाई