रेवा हे नाव दिलेलं आहे

३ डिसें.
पेन परत मिळाला. काल पाचवीची पूजा. सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद मांडला, आणि घरात चालणारा पेन एकच, तो माझा. सकाळी कागद कोराच. सा.बाई म्हणाल्या, ते आपल्याला दिसत नसतं. बरं.

फॅमिली ग्रुपवर नावांचा नुसता सुकाळ. चुलतसासऱ्यांनी पाठवलेल्यातली दोन तर खोकल्याच्या औषधांची वाटतात. कुणीतरी 'शौर्या' सुचवलं. पोरगी अजून मान धरत नाही, शौर्य कसलं. सगळी नाकारली.

दुपारी भटजींकडून जन्माक्षर आलं: रे. कुणी काही बोलायच्या आत फोन पालथा घातला.

४ डिसें.
बोललेच. अक्कांचा जालन्याहून फोन, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. सुनीलच्या बहीण, म्हणजे बाळाच्या आत्या त्या, नाव ठेवायचा मान त्यांचा, हे लग्नापासून ऐकतेय. म्हणाल्या, "रे आलंय नव्हं, मंग रेवाच. मागच्या टायमाला तुलाच लई आवडलं व्हतं. तीच परत आली बघ."

सा.बाईंनी डोळ्याला पदर लावला. माझी आई शेजारी बसून मान डोलवत होती. माझी स्वतःची आई.

कुणी परत आलेलं नाही. मागच्या वर्षी गंगापूरला, आईकडं, माझी पहिली मुलगी आठ दिवस जगली. बारशाच्या आधी गेली, म्हणून ह्या लोकांच्या लेखी तिला नावच नाही. मी तिला दवाखान्यापासून रेवा म्हणत होते. पाजताना, तेल लावताना, उगाचच. ते नाव दिलेलं आहे. मोठ्या बहिणीचं झबलं धाकटीनं घालावं, दुपटं घ्यावं. नाव नाही.

फोनवर मात्र 'बघू' एवढंच बोलले. स्वतःचाच संताप आला.

५ डिसें.
सुनील चिकलठाण्याहून कंपनीतली पाळी संपवून आला, बूट काढायच्या आत धरला त्याला. ते नाव फक्त तुला सांगितलं होतं, अक्कांपर्यंत कसं गेलं? म्हणे, "अगं, ते आपण नुसतं बोललो होतो. ठेवलं कुठं होतं?"

मी म्हटलं, तुझं बारसं राहून गेलं असतं तर तुझ्या आईनं तुला काय शुक-शुक करून बोलावलं असतं का. तो सरळ जेवायला बसला, चटणी वाढून घेतली. मी ताट सरकवलं. आई म्हणते, बाळंतिणीनं रागवू नये, दूध आटतं. इथं राग कुणी आणला ते नको विचारायला.

६ डिसें.
शेजारच्या नसीमभाभी बाळंतिणीला पाजायचा गरम हरीरा घेऊन आल्या. ह्यांचीही सूचना तयार: "ज़ोया रखो, दोनों तरफ चलता." हसले तर टाके दुखले. हिला मांडीवर घेऊन त्यांनी सहज विचारलं, "पैली बच्ची का क्या नाम रखे थे तुम?"

वर्ष झालं. गारखेड्याच्या ह्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं. त्यांनी ते एकदा मोठ्यानं म्हटलं, "रेवा." आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

त्या गेल्यावर सा.बाई दारात. "गेलेल्या लेकराचं नाव बाळंतिणीच्या खोलीत घ्यायचं नसतं."

आणि तेच नाव जिवंत पोरीला ठेवायचं, हे चालतं. ह्याला म्हणायचं तरी काय. बोललेही तसंच. आई मधे पडली, गप बैस म्हणाली. मला, त्यांना नाही.

७ डिसें.
परत सु.शी जुंपली. मी म्हटलं, तू तिला इतक्या लवकर पुसून टाकलंस. तो ओरडला. हा माणूस ओरडत नाही कधी.

"तू आठ दिवस म्हणलीस तिला रेवा. मी एकदा पण नाय. जन्मली त्या दिवशी दवाखान्यात काचेतून बघितली तेवढीच. रविवारी येणार होतो." ती शनिवारी गेली.

मग हिला उचलून गॅलरीत जाऊन उभा राहिला, माझ्याकडं पाठ करून. त्याला ह्या घरात ते नाव घेऊन हाक मारायची होती, इतकंच. हे मला माहीत नव्हतं. राग गेला नाही, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. शेवटी म्हटलं, हाक मारायची तर तिलाच मार. हिला कशाला तिच्या जागी उभं करतोस. वळला नाही. ऐकलं असावं.

८ डिसें.
अक्का आल्या. गुलाबी फुगे, झालर, आणि चादरीत गुंडाळलेली थर्माकोलची मोठी अक्षरं. उद्यापर्यंत कुणी बघायची नाहीत म्हणे. चादरीतून 'वा' बाहेर आला होता, चमकी लावलेला.

मी म्हटलं, अक्का, बसा जरा. ते नाव मोठीला दिलंय.

"कोन मोठी?"

तुमची मोठी भाची, म्हटलं.

बसल्या तशा उठल्या. सा.बाई म्हणतात, आत्याचा मान काढून घेतलास, घरातली एकुलती लेक ती, किती हौसेनं आली. घेतला तर घेतला. सु. फुगे फुगवत बसलाय, तोंडात फुगा असला की बोलावं लागत नाही.

९ डिसें.
मंडळी आलीत. पाळणा सजला. घुगऱ्यांचा वास इथपर्यंत येतोय.

आत्ता अक्का आत आल्या, दार लोटून घेतलं. डोळे सुजलेले. "माळ्यावर टाकली ती अक्षरं. मला कुनी सांगितलं व्हतं का, नाव झालं व्हतं म्हणून? मी भाची म्हणून तिला एकदा हातात पण नाय घेतलं." मग पदरानं तोंड पुसून माझ्या शेजारी बसल्या. "रेवा तिचीच. व्हय. आता हिच्या कानात काय म्हणू, ते तू सांग."

मी तोंड उघडलं आणि काहीच नव्हतं. ग्रुपवरची सगळी नावं मी उडवून लावली. नसीमभाभींचं हसण्यावारी नेलं. एकीचं नाव राखायला घरभर भांडले आणि हिच्यासाठी एकदासुद्धा विचार केला नाही. जन्मल्यापासून हिला नुसतं 'ही' म्हणते आहे मी.

पाच मिनिटं द्या म्हटलं अक्कांना. त्या दाराला पाठ लावून बसल्यात, कुणाला आत येऊ देत नाहीत. बाहेरून सा.बाईंच्या हाका. सु. पण हाक मारतोय.

ही मांडीवर जागी आहे. माझ्या पेनाकडं बघते आहे.