तिसरा खड्डा

७ डिसेंबर, रविवार

लाहौलमध्ये चोवीस तासांत ३५ सेंटिमीटर बर्फ. वाऱ्यासह. हे नको होतं.

नोव्हेंबरात पातळ बर्फ पडला, वर बावीस दिवस निरभ्र आकाश आणि कडक थंडी. अशा थंडीत तळचा थर जाड साखरेसारखा सुटा होतो. आता त्या साखरेवर नवी लादी. माणूस उतारावर चढला की लादी सुटते – हिमस्खलन. पाच वर्षं मी हेच मोजते.

आणि माझा धाकटा भाऊ अवधूत मित्राला, राजानंदला घेऊन तिथेच अशा उताराखाली तंबूत आहे, वर चढायच्या बेतात. मी इथे जुन्या जालन्यात, बाबांच्या मोतीबिंदूसाठी रजेवर.

फोनवर सांगितलं – तीन ठिकाणी खड्डे खण. बर्फाचा खांब काप, वर फावडं ठेव, थापा मार. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला थर सरकतो ते कळव.

"म्हंजे बाबांच्या परखीवानी," तो म्हणाला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बाबा टोकदार परखी पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढतात, तसं.

मी घाईत होते. "हो, तसंच."

९ डिसेंबर, मंगळवार

मेसेज ६.४० चा. मी पाहिला ७.२५ ला.

"ताई, २६, २४, ११. मिळून वीस पडले. माल चालंल. निघतो."

मिळून. त्याने सरासरी काढली. मोंढ्यात हेच करतात – चार पोत्यांतले नमुने एका तळहातावर मिसळायचे, मग भाव बोलायचा. "धा पोत्यांत एक किडकं निघालं तरी सौदा होतोय," हे बाबांचं नेहमीचं. धान्यात बरोबर आहे. बर्फात सगळ्यात वाईट आकडा हाच खरा आकडा. अकराव्या थापेलाच थर सरकला, म्हणजे त्या उतारावर पाय ठेवायचा नाही.

तसंच, असं मी म्हणाले होते.

"जाऊ नकोस. परत फिर." मेसेजवर एकच खूण – पोचलाच नाही. एकवीस वेळा फोन लावला. रेंजबाहेर.

१० डिसेंबर

शेवटच्या गावातला दुकानदार फोनवर – "ऊपर से कोई नहीं उतरा, मैडम." चौकीत म्हणाले, हवा उघडली की माणसं पाठवू.

बाबांना सांगितलेलं नाही. डोळ्यात थेंब घालताना म्हणाले, "थेंब काहून गालावर पडून राह्यले?"

"थंडी आहे."

"जालन्यात? आन् तू बर्फातली पोरगी."

११ डिसेंबर

एकच खूण.

१२ डिसेंबर

गाडल्या गेलेल्या माणसाकडे पंधरा मिनिटं असतात. त्यानंतर आलेख सरळ खाली येतो. तो आलेख मी दर वर्षी फळ्यावर काढते. आज चौथा दिवस.

बाबांचा राग आला. त्यांच्या परखीचा. मग माझा स्वतःचा, आणि तो गेला नाही.

जेवण गेलं नाही. बाबांनीही अर्धी भाकरी तशीच ठेवली. "भूक न्हाई," म्हणाले.

१३ डिसेंबर, शनिवार

११.१० ला अवधूतचा फोन. जिवंत. दोघंही. वादळात मेंढपाळाच्या खोपटात अडकले होते.

"उतारावर गेलोच न्हाई ताई. निघताना बाबांना फोन केल्ता, आकडे सांगितले. ते म्हणले, खायच्या मालात मिसळतोस ते ठीक, बियाण्यात मिसळतो का कोणी? बियाण्यात एक पोतं किडकं निघालं की गाडी वापस. मंग आम्ही फिरलो. आकडे मिसळले हे कळल्यावर तू चिडशील म्हणून त्यांना म्हणलो, ताईला सांगू नका."

बाबांचा फोन बघितला. ९ डिसेंबर, ६.५२. चार मिनिटं.

"फिरला का न्हाई, हे मला तरी कुठं ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "तुला कशाला घाबरवू."

चार दिवस आम्ही समोरासमोर बसून जेवलो.