भाऊजींच्या वाट्याची गाडी

रेल्वे पार्सलने आलेल्या वस्तू, माझ्या वहीवरून उतरवून:

गाडीचा सांगाडा, दोन खोक्यांत: ४२००
फायबरचे अंग, एका कोपऱ्याला टवका: १८५०
जुन्या व्हॅनचे चार सिलिंडरचे लहान इंजिन: २६००
एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, दुसऱ्याच कारखान्याचा: ३१०, हमाली ४

शेवटची वस्तू माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, शोधून पाठवली होती. तिच्यापायीच हे मृत्युपत्र इतके लांबले आहे.

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, मॅट्रिक पास, गृहिणी, देवाला स्मरून लिहिते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, बेरीज अजून तोंडी जुळते आणि हे लिहिताना कोणी माझ्या मागे उभे नाही. लेक स्वयंपाकघरात आहे. तिला मीच तिकडे धाडले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि दुसरे करण्याइतका कागद वाया घालवण्याचा विचार नाही.

१. राहते घर व बँकेतली ठेव लेकीला. पुढच्या खोलीची खिडकी ओलीने फुगते. ती रंधून घ्यावी, नवी बसवू नये. ठेवीचे काय करावे याविषयी जावयांनी सल्ला देऊ नये. त्यांच्या सल्ल्याने घेतलेला पंप अजून माळ्यावर आहे.

२. शिवणयंत्र व भरतकामाची पेटी नातीला. पेटीत माझे प्रार्थनेचे पुस्तक आहे, तेही तिचे. वाचले नाही तरी चालेल, रद्दीत घालू नये.

३. यजमानांचे पान्हे, कानशी आणि वस्तू आवळून धरायचा शेगडा कोपऱ्यावरच्या लेथवाल्याला. म्हणूनच त्याला साक्षीदार केलेले नाही.

४. मागच्या अंगणातली गाडी भाऊजींना. लेकीला वाटते भंगारवाल्याला द्यावी. तिला कारण माहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचे हे पाण्याचे मीटर वाचायचे. दिवसभर पायी फिरणारा माणूस, त्याला स्वतःच्या हाताने गाडी बांधायची होती. रविवारी दुपारी हे नुसत्या सांगाड्यात बसायचे आणि शेजारी मी पालथ्या बादलीवर. मी विचारायची, "कुठे निघालो?" हे म्हणायचे, "पोस्टापर्यंत तरी जाऊ." संसारातले इतके सुख मला पुढे पलंगावर बसूनही मिळाले नाही. सुटी मिळाली की भाऊजी यायचे. दोघे भाऊ इंजिनात डोके घालून अर्धीच वाक्ये बोलायचे, आणि उरलेली दोघांनाही कळायची.

इंजिनाच्या चार तोंडांतला धूर गोळा करून एका नळीत सोडतो तो मॅनिफोल्ड. मूळचा बिडाचा होता, तो स्टिअरिंगच्या दांड्याला अडायचा. म्हणून भाऊजींनी नळ्यांचा हा दुसरा पाठवला. सोबत चिठ्ठी होती: बोल्ट जुळतात, तोंडे लहान आहेत, ठसा घेऊन कानसून घ्या, धातू भरपूर आहे. इंजिनाच्या तोंडावर काजळी लावून कागदावर ठसा घ्यायचा, तो मॅनिफोल्डवर चिकटवायचा आणि रेघेपर्यंत कानसायचे, एवढेच काम. यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता, म्हणून ठसा मी घेतला. कागदही मीच चिकटवला. भरतकामाची नक्षी कापडावर उतरवताना शाईची बाजू खाली ठेवून घासतात; जन्मभर तसेच केले, तसेच तिथेही केले. कागद पातळ, रेघा पाठीमागूनही दिसत होत्या; बोल्टची भोके दोन्ही अंगांनी सारखीच, त्यामुळे कागद चपखल बसला. मला स्वतःचे कौतुकच वाटले.

नऊ दुपारी यांनी कानस चालवली. बसवून पाहिले तर तोंडांचा मेळ नाही, आणि एक भिंत आरपार गेलेली. इंजिन खोकले आणि बंद पडले. त्याच दिवशी मी भाऊजींना उघडे कार्ड लिहिले: टाकाऊ माल सख्ख्या भावाच्या गळ्यात मारलात, पोटात एक आणि ओठात एक. त्यांच्या घरात ते कोणाकोणाच्या हाती पडले असेल, देव जाणे. ते पुन्हा आले ते हे गेल्यावर. अंगणात झाकलेल्या गाडीवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, तो भाग मी स्वतः मोजून पाठवला होता." मी म्हणाले, "आता कशाला ते." पाणीसुद्धा न घेता गेले. त्याला अकरा वर्षे झाली.

गेल्या महिन्यात मी मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे नेला, वितळवून काही येते का पाहायला. कागद अजून चिकटलेला होता. तो म्हणाला, "काकू, हा कागद पालथा लागलाय. काकांना मी तेव्हाच दाखवलं होतं. म्हणाले, घरी बोलू नकोस, तिने मन लावून केलंय."

मी तिथल्याच स्टुलावर बसले. यांनी मला जपले आणि त्यापायी पाठचा भाऊ गमावला. माझ्या मुखी रोज देवाचे नाव, आणि माझ्या हातच्या चुकीचे खापर एका भल्या माणसाच्या माथी. यांचा राग येतो. येतो आणि टिकत नाही.

कानशीने खाल्लेल्या जागी लेथवाल्याने वेल्डिंगचा भराव घातला आहे. कानसणे बाकी ठेवायला सांगितले. तो हात भाऊजींचाच हवा.

५. वरील कार्डातला प्रत्येक शब्द मी याद्वारे मागे घेते. भाऊजींच्या घरी ज्यांनी ते वाचले त्यांनी हेही वाचावे.

६. गाडी चालू झाल्यास पहिली फेरी लेकीला घेऊन मारावी. न झाल्यास भाऊजींनी तिचे हवे ते करावे. माझा आक्षेप नाही.

सही: (घरधनीण)
साक्षीदार: १. समोरचे चष्मेवाले २. वाचनालयातल्या बाई. दोघांसमोर सही केली, दोघांनी माझ्यासमोर केली.
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १९ जानेवारी

भाऊजींना पाठवायच्या प्रतीवर जादा मजकूर: मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, पण माफी मेल्यावर मागता येत नाही, म्हणून ही प्रत आधीच पाठवते. डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचे काही बोलत नाहीत. मला इंजिनाचा आवाज ऐकायचा आहे, आणि त्याहून तुम्ही अंगणात आलेले पाहायचे आहे. येणार नसाल तर तेही समजून घेईन, पण वाट पाहायला लावू नका. येता की नाही, एका ओळीत, उलट टपाली कळवावे.