दसऱ्याच्या आत पडद्यावर

२ ऑगस्ट २००४, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज. मोठ्या अभिनेत्रींच्या मुलाखती वाचल्या की वाटतं, यांनी नक्की लिहून ठेवलेलं असणार. नाहीतर इतकं आठवतं कसं?
कारकिर्दीकडे वळून पाहता: एक जाहिरात. पाइपची. पाण्याच्या रांगेतल्या बायकांत तिसरी मी. चेहरा दिसत नाही, पण पाठीत वेदना आहे.
माझी तत्त्वं. एक, लहान भूमिका करणार नाही. दोन, कुणाकडे काम मागायला जाणार नाही. तीन सुचत होतं तेवढ्यात भैरूकाकांनी जमीन विकून घेतलेली गाडी दारात आली. तांबडी आहे. लोणीकंदपर्यंत चक्कर मारून आले.

४ ऑगस्ट
(काल वेळ नव्हता.)
जेवताना आप्पांचं फर्मान. दसऱ्याच्या आत पिक्चरच्या पडद्यावर दिसलीस तर पुढचं पुढं बघू, न्हाईतर शुभंकरच्या कॉल सेंटरात जायचं. बी.ए. अर्ध्यात सोडून नुसती हिंडतीयास. शुभंकरदादा माझा चुलतभाऊ. खराडीला हेडफोन लावून लोकांच्या मोबाइलच्या तक्रारी ऐकतो. मी म्हटलं, कलाकाराला अशी तारीख देऊ नये आप्पा. म्हणाले, मैने, तारीख म्या दिली न्हाई, कॅलेंडरात हाय.

१९ ऑगस्ट
काम आलं! आणि मी मागितलं नाही, दादानंच गळ घातली. त्याच्या कंपनीची फिल्म, नव्यानं लागलेल्यांना दाखवायची. मुख्य भूमिका माझी. उशिरा येणारी मुलगी. दारातून येते, ओढणी सावरते, म्हणते, सॉरी सर, ट्रॅफिक फार होता. मग चित्र थांबतं आणि तिच्या तोंडावर लाल फुली येते. फुली मला पटली नाही. पण नकारात्मक छटा करायला धाडस लागतं.
फिल्म करणारे म्हणाले, मॅडम, ॲक्टिंग नका करू, सकाळी आलात ना, तशाच या. (नऊला बोलावलं होतं. मी दहाला गेले होते.) एका टेकमध्ये ओके!
तत्त्व तीन: नैसर्गिक अभिनय. तालीम नाही.

७ सप्टेंबर, दुपार
इंद्रजीत सरांचा फोन. खराखुरा मराठी सिनेमा, दिग्दर्शक तेच. पाइपवाल्यांकडून नंबर मिळाला म्हणे. नायिकेची धाकटी बहीण. तीन सीन, एकात रडणं. तीन सीन म्हणजे लहान भूमिका, पण तत्त्व लिहिताना बहिणी माझ्या डोक्यात नव्हत्या. परवा सकाळी सात, शनिवार पेठ.
आरशासमोर रडून पाहिलं. आई म्हणाली, रडतेच आहेस तर कांदे चिर.

८ सप्टेंबर
योजना. पाचला उठणे. साडेपाचची पीएमटी बस. पावणेसातला सेटवर. पुढे मुलाखतीत सांगता येईल, पहिल्या दिवशी मी लाइटवाल्यांच्या आधी हजर होते.
आप्पा गजर लावून स्वतःचं घड्याळ माझ्या उशाशी ठेवून गेले.

९ सप्टेंबर
उठले पाचला! साडेसहाला मनपाच्या स्टॉपवर उतरले! शनिवार पेठ पुलापलीकडे, चालत दहा मिनिटं. म्हणजे वीस मिनिटं शिल्लक. तिथेच कौशल्या भेटली, शाळेतली. लग्न होऊन पार दुसऱ्या टोकाला, बिबवेवाडीला असते. म्हणाली, अगं, सिनेमातली बहीण आणि कान मोकळे? माझे झुमके घेऊन जा. भूमिकेची गरजच होती. बिबवेवाडीची बस समोर उभी. घरी तिच्या सासूबाईंनी पोहे टाकले. मोठ्यांना नाही म्हणणं माझ्या संस्कारात बसत नाही.
सव्वादहाला सेटवर. इंद्रजीत सर शांतपणे म्हणाले, या, या. थेट पहिल्या शोलाच आला असतात तरी आम्ही वाईट वाटून घेतलं नसतं.
बहीण दुसरीच करत होती. ज्यांच्या घरात शूटिंग, त्यांची मुलगी. तिला धड रडताही येत नव्हतं. फक्त सात वाजता घरी होती.
परतीच्या बसमध्ये रडले. फार छान रडले. कॅमेरा नव्हता.

१० सप्टेंबर
आप्पांनी उशाचं घड्याळ उचलून नेलं. संध्याकाळी दादाला म्हणाले, दसरा-बिसरा राहू दे, तुमच्यात कदी घेत्यात?
झुमके परत द्यायचे आहेत.

१७ ऑक्टोबर, रविवार
उद्यापासून कॉल सेंटर. तात्पुरतं. आवाजाचं काम आहे, म्हणजे अभिनयच. मुलाखतीसाठी वाक्य: मी सामान्य माणसाचं दुःख जवळून ऐकलं. नऊला हजर व्हायचं. साडेसातला निघणार.
झुमके अजून इथेच.

१८ ऑक्टोबर, सोमवार
साडेसातलाच निघाले. भैरूकाका म्हणाले, बस कशाला, मी सोडतो की. आधी हवा भरायला थांबलो. मग त्यांना जमिनीचं गिऱ्हाईक भेटलं.
नऊ पंचवीस. खोलीत अंधार, चाळीसेक नवी पोरं-पोरी. दार ढकललं. ओढणी कडीत अडकली, ती सावरली. समोर पडद्यावर मीच दार ढकलून आत येत होते. ओढणी सावरत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, सॉरी सर, ट्रॅफिक फार होता. पडद्यावरची मीही तेच म्हणाले. अर्धा सेकंद मागे होते मी. तालीम हवी होती.
फुली आली. सगळ्या माना पडद्याकडून दाराकडे वळल्या. एक जण हसला, मग सगळे. टाळ्यासुद्धा. शिकवणारे सर म्हणाले, बसा आता. यापुढचं मला समजावायचं काही उरलं नाही.
दसरा शुक्रवारी. म्हणजे अट मी पुरी केली. चार दिवस आधी.
घरी आप्पांनी विचारलं, वेळंवर पोचलीस न्हवं? हो म्हटलं. एका टेकमध्ये. त्यांनी घड्याळ परत माझ्या उशाशी आणून ठेवलं.
पडद्यावर दिसले, हे सांगितलं नाही. म्हणाले असते, मग आमाला कदी दावतीस?