सांगलीच्या मळीतली मॅच

१ डिसेंबर १९४६, रविवार. आष्टा.
आजपासून रोजनिशी. पेन्शनीत निघून दीड वर्ष झालं, बसून राहणं पुरे. ठराव एकच: या भागात रग्बी आणायची. बारा वर्षं पलटणीच्या टीममधून खेळलो, अडतीस साली कोलंबोला सिलोनविरुद्ध उतरलो. असा माणूस गुरं बांधत बसलाय. साताऱ्यात रिटायर्ड शिपाई ढिगानं, सांगलीत तालमी. दोन टीम, एक चेंडू. मॅच १२ जानेवारीला. बायकोला, रंगुबाईला, सांगितलं. ती म्हणाली, आदी जेवा.
डोकं दुखतंय. ऊन.

४ डिसेंबर.
साताऱ्याला कृष्णातकडे. पलटणीतला दोस्त, आता कचेरीत शिपाई. कोलंबोला राखीव खेळाडू म्हणून तोही होता. सातारा टीमचा कॅप्टन मी, तू व्हाइस, असं सांगितलं. हसला. मग म्हणाला, गड्या, डोकं आता कसं हाय? म्हटलं, खेळ पायांचा, डोक्याचा काय संबंध? किती माणसं मिळतील विचारलं. आठ, म्हणाला, त्यात तिघं लंगडं. पंधरातले आठ म्हणजे निम्म्याहून जास्त. सुरुवात उत्तम.
येताना आष्टा मागं गेलं, थेट सांगलीत उतरलो. ड्रायव्हर गाडी थांबवायला विसरला असणार.

९ डिसेंबर. सांगली.
धन्यकुमार या हळदीच्या व्यापाऱ्यानं नदीकाठची मळी मॅचसाठी दिली. सज्जन माणूस. तालमीतला ज्ञानू पैलवान पंधरा गडी घेऊन आला. पहिली प्रॅक्टिस. चेंडू हातात घेऊन पुढं पळायचं, पण पास मागंच द्यायचा, हे समजावलं. ज्ञानू म्हणाला, आवं हवालदार, म्होरं जायाचं आन् मागं टाकायचं, ह्यो कसला खेळ? पटलं नाही तरी शिकतील. चेंडूवाल्याला कमरेला मिठी मारून पाडायचं, तो टॅकल; हे सध्या धोबीपछाड मारतात आणि चेंडू तिथंच विसरतात.

१५ डिसेंबर.
कृष्णात प्रॅक्टिसला आला. पैलवानांना कोलंबोची हकिगत सांगितली: समोरच्यांच्या रेषेपलीकडं चेंडू टेकवला की ट्राय, अशा माझ्या ट्रायवर आपण जिंकलो, साहेबांनी खांद्यावर घेतलं. सगळे कान देऊन ऐकत होते. नंतर कृष्णातनं मला नदीकडं नेलं. म्हणाला, आकाराम, आपुन हरलो हुतो. एका साहेबाचा खांदा निखळला म्हणून शेवटची धा मिनिटं तुला घेतलं. पयल्याच टॅकलला पडलास, तुला स्ट्रेचरवरनं न्हेलं. चार दिस मला साहेब म्हणून सलाम ठोकत हुतास.
राखीव माणसाच्या पोटात दुखायचंच. व्हाइस कॅप्टन दुसरा बघावा का?

२२ डिसेंबर.
किरकोळ अपघात. चुलतभाऊ आप्पासो जेवायला बोलवायला आला होता. पुढचं नीट आठवत नाही. तो अंगणात खाली, मी त्याच्या कमरेला मिठी मारून वर, आणि रंगुबाई माझ्या पाठीत बुक्क्या मारतेय. टॅकल मात्र अचूक बसला. याला रिफ्लेक्स म्हणतात, आप्पासोला समजावलं. त्याची एक बरगडी गेली. जेवण रद्द.
मधलं आठवत नाही, ते कंटाळ्यामुळं.

२८ डिसेंबर.
रंगुबाईनं शपथ घातली म्हणून सांगलीत डॉक्टरकडे. डोळ्यांत बॅटरी मारली. शंभरातून सात-सात वजा करत जा, म्हणाला. म्हटलं, मी फौजेत होतो, मास्तर नव्हतो. त्र्याण्णवनंतर कंटाळा आला. डॉक्टर मला सोडून रंगुबाईशीच बोलला: आणखी एक मार बसला तर हा माणूस तुम्हाला परत मिळायचा नाही. परत येताना मी तिला समजावलं की डॉक्टर लोक कधी मैदानात उतरलेले नसतात.

५ जानेवारी १९४७.
प्रॅक्टिस झकास. फक्त मधेच एका वस्तूचं नाव आठवेना. लांबट, चामड्याची, हातात घेऊन पळतात ती. ते द्या, ते द्या, असं म्हणत राहिलो. ज्ञानूनं हातात दिली. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, हवालदार, तुमी निस्ती शिट्टी वाजवा, खेळू नगा. कॅप्टननं शिट्टी वाजवायची? म्हटलं, मला धरायचं तर पुऱ्या ताकदीनं धर, नाहीतर खेळाचा अपमान.

११ जानेवारी.
उद्या मॅच. गुडघ्यांना तेल लावलं. कृष्णात आठच्या जागी अकरा माणसं आणतोय. रंगुबाई चुलीपुढं बसून आहे. तिला म्हटलं, फार तर तासाभराचं काम.

१२ जानेवारी, रविवार. सकाळ.
मॅचचा दिवस. तब्येत फर्स्टक्लास. डोक्याला फडकं बांधलेलं आहे, रंगुबाईचा काहीतरी घरगुती उपाय. गुडघे खरचटलेत, प्रॅक्टिसचे. जर्सी धुऊन दोरीवर वाळत आहे, म्हणजे मनातून ती माझ्याच बाजूची. ती धारा काढतेय. निघताना रडारड नको, न सांगता निघतो.

त्याच दिवशी, दुपार. सांगली.
मळीत कोणी नाही. पेठेत गेलो. धन्यकुमारनं मला पाहिलं आणि हातातला तराजू खाली ठेवला. पाणी दिलं. म्हणाला, हवालदारसाहेब, बसा. मॅच झाली की. गेल्या आयतवारी.
म्हटलं, माझ्याशिवाय?
तो म्हणाला, तुमी खेळलासा. ज्ञानूनं तुमास्नी धरलं, तुमी डोक्यावर पडलासा. उठून चेंडू घेतलासा आन् आपल्याच बाजूला पळत सुटलासा. तिथं ठेवून ट्राय म्हणून हात वर केलासा. कोण हसलं न्हाई.
म्हणजे आज १९ तारीख. विचारलं, जिंकलं कोण? तो म्हणाला, खेळ तितंच थांबवला.
घरी त्यानंच सोडलं.

२० जानेवारी.
ज्ञानू आला होता. आठ दिवस तालमीत गेला नाही म्हणे. माझे पाय धरून बसला. त्याला म्हटलं, तू बरोबर धरलंस, चूक काही नाही. हे बोललो तेव्हा त्याचं नाव आठवत नव्हतं. गेल्यावर रंगुबाईनं सांगितलं, म्हणून लिहिता आलं.
साताऱ्याहून कृष्णात आलाय, चार दिवस राहणार. माझ्याबरोबर विहिरीपर्यंतसुद्धा येतो. त्याला सलाम ठोकला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.
आजची तारीख रंगुबाईला विचारली. तिला लिहिता-वाचता येत नाही. शेजारी जाऊन विचारून आली.