डोंगरावरच्या विजेचा दर

१४ डिसेंबर १९९७
पळसदऱ्याच्या ग्रामसभेत आज बोलून गेलो. वीज बोर्डाचा ज्युनिअर इंजिनिअर मी. माझं काम लाइन बघायचं. पण पवनचक्क्यांसाठी कंपनीला गायरान द्यायचं की नाही, यावर दोन तास वाद चालला होता. सरपंच सूर्यभाननाना माझ्याकडे वळले – "साळवेसाहेब, डोंगर आमचा, वारं आमच्या डोंगरावरचं. मंग आमाला वीज स्वस्त मिळंल का न्हाई, एवढंच सांगा."
म्हटलं, "मिळेल. वाऱ्याला कुठे पैसे पडतात?"
हात वर झाले. ठराव पास.

२ जून १९९८
सात पवनचक्क्या फिरू लागल्या. बाया डोक्यावरचा भारा उतरवून बघत उभ्या राहतात.

१९ ऑगस्ट
वारा जोरात. पण पावसाळ्यात विहिरींवरच्या मोटारी बंद! गावाला वीज लागते ती मार्च-एप्रिलात, तेव्हा वारा पडलेला. हे मला सभेत सुचलं कसं नाही?

११ सप्टेंबर
दरवाढ झाली. पळसदऱ्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या लंकाबाई नवं बिल घेऊन ऑफिसात आल्या. भांडल्या नाहीत. "तुमी म्हनला हुता म्हनून मी हात वर केल्ता," एवढंच.
तेवढंच दिवसभर कानात राहिलं.

१५ सप्टेंबर
नगरच्या ऑफिसात जाऊन बोर्डाचा पवनचक्की कंपनीशी झालेला करार वाचला. वाऱ्याला पैसे पडत नाहीत, चक्कीला पडतात. ते वसूल व्हावेत म्हणून बोर्ड ही वीज कोळशाच्या विजेपेक्षा जास्त दरानं घेतं, आणि तो दर दरवर्षी वाढणार. पुढे चक्क्या स्वस्त होतील, कोळसा महागेल, तेव्हा कदाचित उलटं होईल. आज नाही.
दरवाढ या सात चक्क्यांमुळे झाली असंही नाही. राज्याच्या विजेत त्या कितीशा? पण म्हणूनच पळसदऱ्याला वेगळा दर कधी मिळणारच नव्हता. डोंगर कुणाचाही असो, दर सगळ्यांना एकच. साधी गोष्ट. बोलण्याआधी कुणालाही विचारता आली असती.

१८ सप्टेंबर
नानांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गावानं माज्या तोंडाकडं बघून गायरान दिलंय, साहेब."
"येत्या सभेत मीच सांगतो," म्हटलं.
"मंग गाव तुमाला उभं करनार न्हाई. आन नव्या ट्रान्सफॉर्मरसाठी तर तुमच्याकडंच यायचंय."
चहा न घेता निघालो.

२६ सप्टेंबर
वादळ. सुप्याकडे नऊ खांब आडवे. दिवसभर तिथेच. पळसदऱ्याची सभा आजच होती – चुकली. खोटं कशाला लिहू, थोडं सुटल्यासारखं वाटलं.

२७ सप्टेंबर
सकाळी पळसदऱ्याला गेलो. लंकाबाईंनी गिरणीच्या दारातच सांगितलं. काल सभेत नाना उठून म्हणाले – 'वीज स्वस्त मिळंल असं साहेबांना बोलायला मीच सांगितलं हुतं.' सरपंचपदाचा राजीनामा दिला आणि घरी गेले. "आमी त्यांना असं समजत नव्हतो," म्हणाल्या. गावातलं कुणी त्यांच्याशी बोलत नाही.
तिथेच कागद मागून लिहिलं: नानांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. मी माहिती न घेता बोललो. चूक माझी. खाली सही, हुद्दा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर स्वतः चिकटवलं.
ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना लंकाबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मी शेजारीच उभा होतो.